ट्रिक्सी येईपर्यंत

डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची तेरावी आवृत्ती कधी येणार, हे २०२५ च्या मार्चमध्ये मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, तयार झाली की येईल." मला वाटलं, टाळतोय. पुढे कळलं की डेबियनवाले स्वतःही हेच उत्तर देतात, आणि मनापासून देतात.

मी आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयात दोन कॉम्प्युटर, दोन्ही देणगीतून आलेले. विंडोज १० ची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती आणि पुढच्या विंडोजच्या अटींत आमचं एकही मशीन बसत नव्हतं. अनुदानातून नवं घेण्याइतके पैसे उरत नाहीत. पुण्याहून भाचा आला आणि त्याने दोन्हींवर डेबियन १२ टाकून दिलं. तिचं नाव बुकवर्म. "सवय करून घे. ट्रिक्सी, म्हणजे तेरावी, आली की तिच्यावर जाऊ," एवढं सांगून तो गेला आणि माझी वाट पाहणं सुरू झालं.

पहिला गोंधळ नावांचा. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतल्या पात्रांची नावं देतात. ही प्रथा पडली तेव्हा प्रकल्पाची धुरा ब्रूस पेरेन्स यांच्याकडे होती आणि ते पिक्सारमध्ये काम करत होते. ट्रिक्सी ही निळी डायनासोर. यात सिड नावाची एक आवृत्ती आहे, ती मात्र कधीच प्रसिद्ध होत नाही. सिड म्हणजे शेजारचा, खेळणी मोडणारा मुलगा. नवं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी त्याच्या हाती पडतं. तिथे साधारण दोन, पाच किंवा दहा दिवस काढून, नवा गंभीर दोष निघाला नाही आणि ज्या इतर पॅकेजांवर ते अवलंबून आहे तीही जागेवर असली, तरच ते 'टेस्टिंग'मध्ये जातं. ट्रिक्सी तेव्हा टेस्टिंगमध्ये होती. म्हणजे ती होती, कोणीही उतरवून घेऊ शकत होतं, आणि तरीही ती आलेली नव्हती! हे समजायला मला वेळ लागला.

मग आला फ्रीझ. १५ मार्चला पहिला टप्पा, १५ एप्रिलला दुसरा, १७ मेला तिसरा, २७ जुलैला शेवटचा. दर टप्प्याला दार थोडं आणखी लोटलं जातं. आधी मोठे बदल बंद, मग नवी पॅकेजेस बंद, आणि शेवटी तर रिलीज टीमच्या परवानगीशिवाय काहीच आत जात नाही. दरवर्षी साठा तपासणीच्या दिवसांत आम्ही पुस्तकांची देवघेव बंद ठेवतो, तसंच हे. मोजणी चालू असताना पुस्तकं आत-बाहेर होत राहिली तर मोजणी कधी संपायचीच नाही. फ्रीझचं कारण मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

पण मोजतात काय? त्याचं उत्तर मला बगांच्या यादीत मिळालं. डेबियनमध्ये प्रत्येक दोषाला नंबर असतो. दहा लाखावा दोष २०२१ मध्येच नोंदला गेला, त्यामुळे आताचे नंबर सात आकडी. त्यातले सगळ्यात गंभीर दोष 'रिलीज-क्रिटिकल' ठरतात. आवृत्ती कधी येणार हे त्या यादीवर ठरतं, कॅलेंडरवर नाही. भाच्याने मला एका जातीचा दोष दाखवला, तो मी नीट वाचला. दोन पॅकेजेस, दोघांचाही एकाच फाईलवर हक्क. नव्याने बसवणाऱ्याला हे कधी जाणवणारही नाही. पण जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाणाऱ्याचं काम मध्येच अडतं, कारण फाईल जुन्या पॅकेजमधून नव्यात गेली आहे आणि हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. उपाय एक-दोन ओळींचा. पण त्या दोन ओळींसाठी कोणीतरी बुकवर्म बसवून, तिच्यावर ट्रिक्सी चढवून, ते अडताना पाहिलेलं असतं. म्हणजे माझ्यासारखीच्या मशीनवर जे घडलं असतं ते आधीच आपल्या मशीनवर घडवून बघितलेलं असतं, बहुतेकांनी स्वतःच्या वेळात, पगाराशिवाय. हे वाचल्यापासून "अजून का नाही आली?" असं मी विचारलं नाही.

डेबियन १६ ऑगस्ट १९९३ ला इयान मर्डॉक यांनी सुरू केली. तेव्हापासूनच्या आवृत्त्यांच्या तारखांची यादी मी काढली, यादी करणं हे माझं कामच. वूडी जुलै २००२ मध्ये आली आणि तिच्यानंतरची सार्ज थेट जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं लोकांनी वाट पाहिली. त्यानंतर मात्र २००७, २००९, २०११ असं करत २०२३ पर्यंत प्रत्येक विषम वर्षी एक आवृत्ती आलेली आहे. महिना मात्र कधी फेब्रुवारी, कधी जून, कधी ऑगस्ट. वर्ष सांगता येतं, दिवस नाही. इतपत उत्तर मला पुरलं.

मे महिन्यात नव्या इन्स्टॉलरचा पहिला रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळजवळ अंतिम मसुदा, आला. भाच्याने तो पेनड्राइव्हवर करून पाठवला आणि एक रिकामी हार्ड डिस्कही दिली, म्हणजे वाचनालयाच्या नोंदींना धक्का नको. भाषांच्या यादीत खाली खाली गेले तर 'मराठी'. निवडली. पुढचा पडदा मराठीत उघडला. कीबोर्ड विचारला मराठीत, वेळेचा पट्टा विचारला मराठीत, डिस्कची वाटणी करू का हेही मराठीत. (हे चित्ररूप इन्स्टॉलरमध्येच होतं, निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही.) डिस्कच्या वाटणीतलं एक वाक्य मला पुन्हा वाचावं लागलं, तेव्हा कुठे कळलं. पण आपल्या भाषेत ही वाक्यं कोणीतरी एकेक करून बसून लिहिलेली आहेत, या विचाराने मी बराच वेळ त्याच पडद्यावर थांबले.

वाईट वाटलं ते दुसऱ्या कॉम्प्युटरचं. तो ३२ बिटचा. ट्रिक्सीत अशा जुन्या मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही, आणि ज्यांच्याकडे आधीची आवृत्ती आहे त्यांनी तिच्यावरून पुढे जाऊ नये, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. कारणही आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजत राहिलं तर १९ जानेवारी २०३८ ला जागा संपते. म्हणून ट्रिक्सीत ही मोजणी ६४ बिटांवर नेली, त्यासाठी ढीगभर पॅकेजेस नव्याने बांधली. जुन्या ३२ बिटच्या पीसीसाठीची बांधणी तेवढी त्यातून वगळली, कारण ती आता फक्त जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून उरली आहे. निर्णय पटतो. पण ज्या संस्था देणगीतल्या मशीनवर चालतात त्यांना याची झळ बसते, हेही खरं. आमचा तो कॉम्प्युटर बुकवर्मवरच राहिला आणि त्यावर फक्त छापील याद्या काढतो.

जुलैत तारीख जाहीर झाली: ९ ऑगस्ट. त्या दिवशी राखी पौर्णिमा होती. भाचा माझ्या मुलीकडून राखी बांधून घ्यायला आलाच होता, तो दोन दिवस राहिला. घोषणा मी वाचली तेव्हा रविवारची सकाळ झाली होती. आत ६९,८३० पॅकेजेस, त्यातली १४,१०० हून अधिक नवी. लिनक्स कर्नल ६.१२.

"आधी बॅकअप, मग रिलीज नोट्स, मग कमांड," असा भाच्याचा दंडक. दाखल नोंदवही आणि वर्गणीदारांची यादी दोन पेनड्राइव्हवर घेतली. मग त्याने मला एक छोटी फाईल उघडायला लावली आणि 'बुकवर्म' होतं तिथे 'ट्रिक्सी' लिहायला सांगितलं. एवढंच? एवढंच. त्यानंतर पडद्यावर ओळी धावू लागल्या. मध्येच सगळं थांबलं आणि प्रश्न आला: ही सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवी आणू? मी हात मागे घेतला. भाचा म्हणाला, "काही न निवडता एंटर दाबलंस तर तुझीच राहते." मला हे फार आवडलं. माणसाने केलेलं काम, त्याला न विचारता पुसायचं नाही, हे ज्यांनी ठरवलं त्यांना कामाची किंमत कळते.

ट्रिक्सीत लिब्रे ऑफिस २५.२ मिळालं. २० ऑगस्टला त्याच लिब्रे ऑफिसची २५.८ बाहेर पडली. माझ्याकडचं दोन आठवड्यांत जुनं झालं. डेबियनमध्ये हे असंच चालणार, कारण फ्रीझनंतर नवं आत येत नाही. येतात त्या फक्त दुरुस्त्या. वाचनालयाला मला तेच हवं आहे: सोमवारी जिथे बटण होतं तिथेच ते शनिवारी असावं.

पुढची आवृत्ती १४, नाव फोर्की. तिचंही काम सुरू झालेलं आहे आणि तीही तयार झाली की येईल. फ्रीझच्या काळात नवं सॉफ्टवेअर आत घेत नाहीत, पण भाषांतरातल्या दुरुस्त्या घेतात. त्यात हातभार लावायला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं, मराठी नीट यावी लागते. मराठी शिक्षक, मुद्रितशोधक, निवृत्त कारकून, ज्यांना ज्यांना सरळ मराठी लिहिता येतं त्यांनी एकदा तो इन्स्टॉलर मराठीत उघडून बघावा आणि जे वाक्य अडेल ते कळवावं. डिस्कच्या वाटणीतलं ते वाक्य मी कळवणार आहे.