पकड

शिलाई यंत्राची सुई बदलताना तिचा लहानसा स्क्रू बोटांच्या चिमटीत धरावा लागतो. हाताने फिरवायच्या अशा स्क्रूच्या कडेवर बहुधा बारीक रेघा असतात. मनगटी घड्याळाच्या चावीवर, मायक्रोमीटरच्या फिरत्या नळीवर, हातात धरायच्या बॅटरीच्या अंगावर अशाच रेघा किंवा हिऱ्याच्या आकाराची नक्षी आढळते. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. घामट किंवा तेलकट बोटांतून वस्तू निसटू न देणे, हे मात्र तिचे खरे काम. धातूच्या गोल वस्तूवर अशी खडबडीत नक्षी उठविण्याच्या क्रियेला कारखान्यात ‘नर्लिंग’ म्हणतात.

लेथवरची बहुतेक कामे धातू काढून टाकण्याची असतात. चकमध्ये धरलेला तुकडा, ज्याला कामगार ‘जॉब’ म्हणतात, तो फिरत राहतो. टूलची धार त्याला लागते आणि धातूची साल निघत जाते. नर्लिंगची तऱ्हा वेगळी. येथे दातेरी कडेची कठीण पोलादी चाके फिरत्या जॉबवर दाबली जातात. दाते धातूत रुततात आणि दबलेला धातू दोन दात्यांमधल्या मोकळ्या जागेत वर चढतो. म्हणून नर्लिंग झाल्यावर जॉबचा व्यास कमी न होता किंचित वाढतो. धातू कापून नर्लिंग करण्याची पद्धतही आहे. पण छोट्या कार्यशाळेत बहुधा दाबाचीच पद्धत चालते. धातू असा दाबून सरकविण्यास मोठा जोर लागतो. तो जोर कोठून येतो आणि कोठे जातो, हाच घरच्या लेथपुढचा प्रश्न आहे.

आयुष्यभर कारखान्यात लेथ चालविलेला एखादा टर्नर निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत लहानसा लेथ आणून बसवितो. तो राजकोटचा असेल किंवा बटाल्याचा. पुष्कळदा दुसऱ्याने वापरलेला, पण अजून नेमके काम देणारा. कोणाच्या पंपाचा बुश झिजलेला असतो, कोणाच्या पिठाच्या गिरणीची पिन मोडलेली असते. चार पैसे मिळतात, हातही चालता राहतो. कारखान्यातील अवजड लेथ बिघडला, तर दुरुस्तीला माणसे धावून येतात. घरच्या लेथच्या बेअरिंगची झीज मात्र मालकालाच सोसावी लागते. बेअरिंग सैल झाले, की स्पिंडल डगमगतो, जॉब गोल उतरत नाही आणि गिऱ्हाईक दुसरे दार शोधते.

बाजारात नर्लिंगचे सर्वांत स्वस्त व सहज मिळणारे टूल असते, ते एका बाजूने रेटणारे. फिरत्या डोक्यावर जाड, मध्यम व बारीक दात्यांच्या चाकांच्या तीन जोड्या बसविलेल्या असतात. एका किमतीत तीन प्रकारची नक्षी, हा व्यवहार कोणालाही मोहात पाडील असाच. कारखान्यातील भक्कम लेथवर हे टूल उत्तम काम देते. लहान लेथवर त्याची खोड दिसू लागते. चाके जॉबला एकाच बाजूने रेटतात. तो रेटा जॉबमधून चकला, चकमधून स्पिंडलला आणि तेथून बेअरिंगला पोहोचतो. इकडे तितकाच जोर टूल पोस्टला मागे ढकलतो आणि क्रॉस स्लाइडच्या आट्यांवर बसतो. जॉब बारीक असेल, तर तो वाकून दूर सरतो. मग चकजवळ नक्षी खोल उमटते आणि मोकळ्या टोकाकडे ती पुसट होत जाते. ते पाहून टर्नर हँडल आणखी आवळतो, आणि लेथचा आवाज बदलतो. अनुभवी कानाला तो आवाज आवडत नाही.

याला उत्तर म्हणजे दोन्ही बाजूंनी आवळणारे टूल. त्याला दोन भुजा असतात. एक चाक जॉबच्या वर, दुसरे जॉबच्या खाली. मधला स्क्रू पिळला, की भुजा जवळ येतात आणि जॉब दोन चाकांत दाबला जातो. सुपारी तबकात ठेवून वरून ठेचली, तर सगळा मार तबकाला बसतो. तीच अडकित्त्यात धरली, तर हाताचा सारा जोर दोन पात्यांमध्येच खर्च होतो, तबकाला काहीच कळत नाही. या टूलचेही तसेच आहे. वरच्या चाकाचा दाब खालचे चाक पेलते. लेथकडे काम उरते ते जॉब फिरविण्याचे आणि टूल हळूहळू पुढे सरकविण्याचे. लहान लेथ ज्याच्या पदरी आहे, त्याने या टूलचीच निवड करावी. तयार टूल महाग वाटले, तर ते घरी बनवावे.

घरी बनविताना चाके मात्र विकतच घ्यावीत. सरळ दात्यांचे चाक खटपटीने घरी होते. हिऱ्याच्या नक्षीला एक उजव्या आणि एक डाव्या तिरक्या दात्यांचे, अशी दोन चाके लागतात. दोन्हींच्या दात्यांतील अंतर अगदी सारखे हवे, नाहीतर नक्षी जुळत नाही. हे घरी साधणे अवघड. भुजांसाठी 12 मिलिमीटर चौरस माइल्ड स्टीलची पट्टी पुरते. दोन्ही भुजा एकत्र बांधून छिद्रे एकदमच पाडली, तर ती आपोआप जुळतात. वेगवेगळी पाडली, तर केसाएवढा फरकही चाके तिरकी करतो. चाकासाठीची खाच इतकीच रुंद ठेवावी, की चाक मोकळे फिरेल पण डुलणार नाही. खाच हॅकसॉने पाडून कानशीने साफ करता येते. घाई करणाऱ्याचे काम येथेच बिघडते. चाकाची पिन सिल्व्हर स्टीलची करावी. ती लालभडक तापवून पाण्यात विझवली, की कठीण पण ठिसूळ होते. मग घासून चकचकीत करून, गव्हाच्या काड्यासारखा फिका पिवळा रंग चढेपर्यंत मंद आचेवर पुन्हा तापवावी. त्यामुळे ठिसूळपणा ओसरतो.

सरळ रेघांच्या नक्षीत जॉबचा परीघ दात्यांतील अंतराच्या पूर्ण पटीत असलेला बरा. 20 मिलिमीटर व्यासाच्या जॉबचा परीघ 62.83 मिलिमीटर भरतो. चाकाच्या दात्यांत 1 मिलिमीटर अंतर असेल, तर 62 रेघा उमटून थोडी जागा उरते. दुसऱ्या फेरीत दाते पहिल्या रेघांच्या शेजारी पडतात आणि दुहेरी, उथळ नक्षी उठते. व्यास 19.74 केला, की 62 रेघा नेमक्या बसतात. प्रत्यक्षात दाते आपली वाट थोडीफार शोधून घेतात. म्हणून हिशेब झाल्यावर चक हाताने एक फेरी फिरवून खुणांवर खूण पडते का, ते पाहावे. पडत नसेल, तर व्यास किंचित उतरवून पुन्हा पाहावे.

मग गती कमी, तेल भरपूर. सुरुवातीला चाकाची निम्मी रुंदीच जॉबवर घ्यावी आणि दाब धीटपणे द्यावा. भीत भीत दिलेला दाब नक्षी बिघडवितो. त्याच जागेवरून वारंवार फिरल्यास कठीण झालेल्या धातूचे पापुद्रे सुटू लागतात. पितळ, ॲल्युमिनियम व माइल्ड स्टील ही नक्षी छान घेतात. बीड मात्र भुरभुरते. उडणारा कचरा ब्रशने तेल सोडून धुवावा, आणि ब्रशही चाके जेथून जॉबला सोडतात त्या बाजूलाच धरावा. चिंधी तर चाकांच्या जवळ नेऊच नये. ती चाक आणि जॉब यांच्यामध्ये ओढली जाते, आणि तिच्यामागोमाग बोटे.

नवे टूल हाती आले, की दिसेल त्या दांड्यावर नक्षी काढण्याचा मोह अनेकांना होतो. जेथे हात जात नाही, तेथे ती केवळ मळ साठवते. जेथे हात दिवसभर असतो, तेथे नक्षीचे टोकदार शेंडे कानशीने हलकेच मोडून, कडाही मारून द्याव्या लागतात. नाहीतर पकड मिळते आणि तळहात सोलवटतो.

दोन भुजा आवळणाऱ्या त्या स्क्रूलाही मूठ लागते, आणि तेलकट हातात ती गुळगुळीत असून चालत नाही. म्हणून सुरुवातीला स्क्रूच्या माथ्यावर साधा षटकोनी नट बसवून तो पान्याने आवळतात. टूल तयार झाले, की लेथवर पहिला जॉब चढतो तो बहुधा पितळेचा एक जाडसर तुकडा, त्या स्क्रूच्याच मुठीसाठी.