सोपवायचं म्हणजे काय

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, त्या आठवड्यात घरी येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, ‘प्रभूवर सोपवा.’ पाळकांनी सांगितलं, आत्तीनं सांगितलं, उपासनेला येणाऱ्या बायकांनी चहा पिता पिता सांगितलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण सोपवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नव्हतं. आठवड्यातून दोनदा पहाटेच उठून गारगोटीहून कोल्हापूर गाठायचं, पन्नासेक किलोमीटर. दिवसभरात पाणी किती प्यायचं, ते बाटलीवर खुणा करून मोजायचं. केळं नाही, नारळपाणी नाही. भाजी उकळून पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणीला टाकायची. यातलं प्रभूवर काय सोपवणार?

मला राग यायचा तो देवाचा कमी आणि त्या शब्दाचा जास्त. समर्पण म्हटलं की डोळे मिटून गप्प बसलेली बाई डोळ्यांसमोर यायची. बायकांना गप्प बसवायला आपल्याकडं शब्द काय कमी आहेत, त्यात हा एक आणखी!

डायलिसिसला चार तास लागतात. बाहेर बाकड्यावर बसून रील्स तरी किती बघणार? असंच एकदा मोबाईलवर पंडिता रमाबाईंची ‘माझी साक्ष’ उघडली. शाळेत त्यांच्याबद्दल चार ओळी पाठ केल्या होत्या : संस्कृत विदुषी, शारदा सदन 1889, केडगावचं मुक्ती मिशन. त्या चार ओळींत किती मरणं वगळली होती, ते तेव्हा कळलं. दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या. 1880 मध्ये भाऊही गेला. 1882 मध्ये पटकीनं नवरा गेला, तेव्हा पदरात वर्षही पुरं न झालेली मनोरमा. पुढं डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या, तर कान साथ देईनात. तेही स्वप्न गेलं.

1883 मध्ये तिकडंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडं गोष्ट साधारण इथं संपवतात. दुःख आलं, प्रभू भेटला, शांती मिळाली. रमाबाई मात्र वेगळंच सांगतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. आठ वर्षं! एवढी शिकलेली, शास्त्र्यांना आणि बिशपांनाही प्रश्न विचारून भंडावणारी बाई हे सरळ लिहून ठेवते. वाचून मला फार मोकळं वाटलं. चर्चमध्ये साक्ष देणारी माणसं एका रात्रीत बदललेली असतात. इथं मात्र वेळ लागलेला होता.

आणि त्यानंतर रमाबाई गप्प बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, उघड्यावर पडलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावात विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं द्यायचं, तीच राहिली नाही. तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या.

मला अजून वाटतं, आपण गेथशेमाने बागेची गोष्ट फार घाईनं सांगतो. येशूनं बापाची इच्छा मान्य केली, इतकंच. पण त्याआधी त्यानं हा प्याला टळू दे म्हणून मागितलं होतं, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तो तीनदा प्रार्थनेला जातो. घाम गाळून, मित्रांना जागं राहा म्हणून विनवून. मागायची लाज त्याला वाटली नाही.

आमच्या घरात मागणं चालूच आहे. माझा रक्तगट जुळला नाही, बाबांना साखर आहे, म्हणून आईचं नाव प्रत्यारोपणाच्या यादीत घातलंय. ती यादी माझ्या हातात नाही. रात्री दोनला उठून फोन बघितला म्हणून ती पुढं सरकत नाही. वर्षभर मी तेच करत होते. आता ती यादी मी सोपवलीय. पाण्याची बाटली सोपवलेली नाही. कोल्हापूरची गाडी सोपवलेली नाही. एवढी वाटणी झाल्यावर झोप लागायला लागली. हल्ली मी एक जास्तीचा डबा नेते. आईच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे एकटेच येतात. त्यांच्यासाठी सुचायला मनात जागा झाली, तीही तेव्हापासूनच.

आईला मी एकदा विचारलं, ‘तुला भीती वाटत नाही?’

‘वाटतीय की. रोज सांगतो मी त्याला. मग भांडी घासतो.’ (आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात.)

या मे महिन्यात तिनं कैरीचं लोणचं घातलं. तिला स्वतःला ते वर्ज्य, एवढं मीठ चालत नाही. मी म्हटलं, कशाला व्याप? तर म्हणाली, पुढच्या वर्षापर्यंत मुरायला पाहिजे न्हवं. एका हाताला फिस्टुला, त्या हातानं जड उचलायचं नाही, म्हणून बरणी मी धरली होती. तिनं बोटावर खार घेतला, जिभेला लावला नाही, माझ्यापुढं केला.

‘बघ गं, मीठ झालंय का.’