रुपया चालणारे मद्यगृह

इंग्रजीतला 'पब' हा शब्द 'पब्लिक हाउस' या दोन शब्दांचे आखूड रूप आहे. सार्वजनिक घर! नावावरून वाटावे की रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही येथे मुक्तद्वार असेल. हे दार आपल्या देशबांधवांसाठी किती काळ किलकिलेच राहिले, ते लंडनच्या साउथॉल उपनगरातील एका मद्यगृहाच्या निमित्ताने सांगावेसे वाटते. मद्याची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही. गुत्त्याने बुडवलेले संसार आपल्याही गावांत आहेत आणि त्यांचे दुःख आम्ही जाणतो. परंतु पिणे वाईट म्हणून पिणाऱ्याला कातडीच्या रंगावरून उंबऱ्यावर अडवणे चांगले ठरत नाही.

१९५० च्या दशकात पंजाबातून माणसे साउथॉलला येऊ लागली. जवळच्या रबराच्या कारखान्यातील, गोऱ्यांना नकोशी झालेली अंगमेहनतीची कामे त्यांनी पत्करली. बायकामुले बहुधा मागे गावी, इकडे एकेका खोलीत कितीतरी जण. पाळी संपवून आलेल्या अशा माणसाने चार माणसांत बसावे तरी कोठे? उरला तो रस्त्याकडेचा पब. आणि नेमके तेथेच अडत असे. त्या काळच्या पबमध्ये बहुधा दोन दालने असत, एक गालिचा-खुर्च्यांचे आणि दुसरे साध्या बाकांचे. अनेक ठिकाणी हिंदी माणसाला पहिल्यात मज्जाव असे. काही ठिकाणी तर दोन्हींत.

हा अन्याय साउथॉलपुरता नव्हता. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविक गावात 'इंडियन वर्कर्स असोसिएशन'च्या मंडळींनी त्यावर एक साधी युक्ती योजली. गोरे विद्यार्थी मित्र आधी आत जात आणि पेला घेऊन बसत. मागोमाग हिंदी माणूस जाई आणि त्याला नकार मिळे. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हाच पुरावा पुढे ठेवला जाई. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी माल्कम एक्स हा भेद स्वतः पाहण्यास स्मेथविकला आले. त्यानंतर नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या वंशसंबंध कायद्याने मद्यगृहांतील वर्णभेद बेकायदा ठरवला.

कायद्याने दार उघडले, पण मन? ३ जुलै १९८१ रोजी साउथॉलच्या 'हॅम्ब्रो टॅव्हर्न' या पबमध्ये मुंडित डोक्याच्या तरुणांच्या आवडत्या वाद्यवृंदांचा कार्यक्रम ठरला. बसगाड्या भरून ते बाहेरून आले. हिंदी लोकांच्या दुकानांवर हल्ले झाले. संतापलेल्या स्थानिक आशियाई तरुणांनी त्या रात्री पब पेटवून दिला. पाच वर्षांपूर्वी, १९७६ मध्ये, अठरा वर्षांच्या गुरदीप सिंग चग्गरचा खून याच उपनगरात भर रस्त्यात झाला होता, हे लक्षात घेतल्यावाचून तो संताप उमगणार नाही.

आणि त्याच साउथॉलमध्ये, १९९० च्या दशकात, साउथ रोडवर 'ग्लासी जंक्शन' उभे राहिले. पंजाबी मालक, पंजाबी सजावट, भांगड्याचा ठेका, बिअरसोबत तंदुरी पदार्थ! भारतीय रुपया स्वीकारणारे ब्रिटनमधील पहिले मद्यगृह म्हणून त्याची ख्याती पसरली. हीथ्रो विमानतळ तेथून जवळच. गावाहून परतणाऱ्याच्या खिशात उरलेली नोट तेथे चालत असे. त्यात मालकाला नफा किती होता कोण जाणे. पण ज्या देशात माणूसच चालत नव्हता, तेथे आता त्याचा रुपया चालू लागला होता.

ही मिजास दोन दशकेही टिकली नाही. १ जुलै २००७ पासून इंग्लंडच्या मद्यगृहांत धूम्रपानास बंदी आली, मोठ्या दुकानांतून बिअर स्वस्तात मिळू लागली आणि देशभर पब बंद पडत गेले. आमच्या मते आणखीही एक कारण असावे. ज्यांना एके काळी दारातून परतवले गेले त्यांची मुले शिकली, दूरवर राहू लागली. ती आता वाटेल त्या पबमध्ये बसू शकत होती. आपले असे वेगळे घर त्यांना पूर्वीइतके लागत नव्हते. २०१२ मध्ये 'ग्लासी जंक्शन' बंद झाले आणि त्या जागी दाक्षिणात्य शाकाहारी उपाहारगृह आले. जेथे पेले किणकिणत, तेथे डोसे भाजले जाऊ लागले.

स्मेथविक आणि त्याच्या आसपास मात्र बंद पडत चाललेले कितीतरी पब पंजाबी माणसांनी चालवावयास घेतले. त्यांना 'देशी पब' म्हणतात. गल्ल्यामागे सरदारजी असतो, आणि शेजारचा गोरा म्हातारा आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून तंदुरी कोंबडीची वाट पाहत असतो.