दाढ काढायची म्हणजे…

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात नेहमीप्रमाणे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचनाची जबाबदारी माझ्याकडे होती. एका संध्याकाळी अर्धे पान वाचून झाले आणि मला ग्रंथ शेजारच्या मुलाच्या हाती द्यावा लागला. खालची डावी दाढ अशी ठणकत होती की कळ थेट कानात जात होती. गाल सुजून आला होता. समोर बसलेल्या आयाबाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

ती दाढ काही त्याच दिवशी दुखू लागली नव्हती. सात-आठ महिने ती मला सांगत होती. आधी गार पाण्याने झिणझिण्या, मग चहाने, मग काही न खाताच. मी लवंगेचे तेल लावले. ऑफिसच्या खणात गोळ्यांची पट्टी ठेवली. एकदा तर गोळी चुरून थेट हिरडीवर दाबली, तेव्हा हिरडी भाजून पांढरी पडली. (असे कोणी करू नये. गोळी पोटात घ्यायची असते.) डॉक्टरकडे मात्र गेलो नाही. कोणी विचारले की सांगायचो, ‘दाढ काढली की नजर जाते म्हणतात.’

अंधश्रद्धेवर भाषणे देणाऱ्याने हे सांगावे! दाताची नस वेगळी, दिसण्याची नस वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही. चाळिशीत अनेकांवर दाढ काढण्याची वेळ येते आणि चाळिशीतच डोळ्यांना चाळिशी लागते. लोकांनी दोन्हींची गाठ मारून टाकली. ऐकीव आहे म्हणून खरे मानू नका, हे कालाम लोकांना बुद्धाने सांगितलेले मी विहारात कितीदा समजावले असेल. पण नजरेचे कारण मी लोकांना सांगत होतो. मनातले कारण दुसरेच होते, ते पुढे सांगतो.

शेवटी पत्नीने निक्षून सांगितले, ‘‘अहो, उद्या रजा टाका, नाहीतर मी तुमच्या साहेबांना फोन करते.’’ दुसऱ्या दिवशी सरकारी दंत महाविद्यालयात गेलो. ऑपरेशन म्हणून उपाशीपोटी गेलो होतो. तिथल्या डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न विचारला, ‘‘काका, काही खाल्लंय का?’’ नाही म्हटल्यावर तिने मला कँटीनला पिटाळले. फक्त जागा बधिर करून दाढ काढायची असेल तर पोटात अन्न असावे लागते, नाहीतर इंजेक्शन पाहूनच माणसाला घेरी येते. पूर्ण भूल द्यायची असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतील तसे.

मग तिने साखर, रक्तदाब, हृदयाचा त्रास, दमा, एखाद्या औषधाची ॲलर्जी, असे सगळे विचारले. बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का हेही विचारतात, लाजू नये. माझ्या पुढच्या गृहस्थांनी ‘काही नाही, काही नाही’ म्हणून मान हलवली. त्यांच्या मालकीण मागून ओरडल्या, ‘‘अहो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना तुमची!’’ ही गोळी लपवली तर रक्त थांबवणे अवघड जाते, आणि आपल्या मनाने बंद केली तर हृदयाला धोका. दोन्ही नको. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्या, नावे पाठ नसली तरी चालते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगावे.

एक्स-रे पाहून ती म्हणाली, सहा महिन्यांपूर्वी आला असता तर आतली नस काढून दाढ वाचवता आली असती. आपल्या लोकांत ‘काढून टाका एकदाची’ हे फार लवकर म्हणतात. त्याचे कारण मला माहीत आहे. दाढ वाचवायला चार खेपा आणि बराच पैसा लागतो, काढायला एक खाडा पुरतो. पण ‘वाचेल का?’ एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

सूज होती म्हणून आधी औषधे देऊन चार दिवसांनी बोलावले. दोन दिवसांत बरे वाटले तरी मी गोळ्या पुऱ्या केल्या. काढताना ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. दाब कळत होता, कडकड आवाज येत होता, दुखत मात्र नव्हते. दुखले तर हात वर करा, पुन्हा इंजेक्शन देऊ, असे सांगून ठेवले होते. दहा मिनिटांत दाढ ताटलीत पडली आणि आठ महिन्यांची माझी भीती मला लाजवून गेली.

खरे काम त्यानंतरचे. जखमेत रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचे झाकण. ती टिकली तर जखम भरते. म्हणून कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा आणि चोवीस तास गुळण्या करायच्या नाहीत, थुंकायचे नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचे नाही. थुंकायचे नाही हे आपल्याला सर्वांत जड! लाळ दिवसभर गुलाबी येते, ती गिळावी. रक्त वाहतच राहिले तर स्वच्छ कापूस ओला करून पुन्हा अर्धा तास दाबावा. तरीही थांबले नाही तर दवाखाना गाठावा. गालाला बाहेरून बर्फ लावावा, गरम वाळूने शेकू नये. मऊ, थंड खावे. लहान मुलांकडे लक्ष ठेवावे, बधिर ओठ ती गंमत म्हणून चावतात. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा.

बिडी, तंबाखू, दारू तर नकोच. बिडी ओढणाऱ्याची गुठळी निसटण्याची भीती जास्त, मग हाड उघडे पडते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो आणि तोंडाला घाण येते. तेव्हा घरी न कुढता पुन्हा जावे, डॉक्टर जखम धुऊन औषध भरतात. पण ताप येऊन जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडखळू लागला, तर सकाळची वाट न पाहता मोठे हॉस्पिटल गाठावे. ती सूज जीव घेऊ शकते.

आता माझ्या मनातले कारण. आमची अक्का गावी, सातारा जिल्ह्यात राहायची. लहानपणापासून तिला मिश्रीची सवय. तव्यावर तंबाखू भाजायची, डबीत भरायची, दिवसातून चारदा लावायची. दात दुखला की आणखी लावायची. एका वर्षी तिचा खालचा दात हलू लागला. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाने तो उपटून दिला. कायदा १९४८ सालापासून सांगतो की नोंदणी असल्याशिवाय दाताला हात लावता येत नाही, पण बाजारात कायदा कोण विचारतो? एप्रिलमध्ये मी जयंतीला गावी गेलो, तेव्हा अक्का नुसती पेज पीत होती. म्हणाली, ‘‘दात उपटलाय रं, भरंल हळूहळू.’’ दात काढून दोन महिने झाले होते. मिरवणुकीच्या वर्गणीच्या गडबडीत मी ‘बरं’ म्हणालो. तिचे तोंड उघडून पाहिले नाही.

जुलैत तिच्या मानेला गाठ आली. परळच्या टाटा हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितले, दात किडीने हलत नव्हता, त्याच्या मुळाशीच कॅन्सर होता. निम्मा जबडा काढावा लागला. मग शेक. तोवर मीही अकरा वर्षे तंबाखू मळत होतो, ती त्या वॉर्डाच्या दारात टाकली. पुढे माझी दाढ दुखू लागली तेव्हा मला वाटायचे, डॉक्टर आत बघेल आणि तेच सांगेल. म्हणून गेलो नाही. एवढे पाहूनही!

दाढ काढल्याची जागा दोन-तीन आठवड्यांत वरून मिटू लागते. मिटली नाही, तिथे मांस वाढले, तोंडात पांढरा-लाल चट्टा राहिला किंवा तोंड कमी उघडू लागले, तर थांबू नये. तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, हेही खोटे आहे.

पाचवे शील दारूपुरते आहे असे म्हणत वंदनेनंतर पायरीवर बसून चुना मळणारे आपल्यात कमी नाहीत. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी टपरीवर काय मिळते ते वाचकांना मी सांगायला नको. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचे आहे, नागपूरला मेडिकलच्या आवारात आहे. खासगीपेक्षा तिथे खर्च फार कमी.

अक्का आता आमच्याकडेच असते. तोंडावर पदर धरून विहारात येते. गेल्या रविवारी वंदना झाल्यावर तिने स्वतःहून पदर बाजूला केला आणि मिश्री लावणाऱ्या बायांना तोंड उघडायला लावले. मी बॅटरी धरली. चौघींचे दात हलत होते, एकीच्या गालाला आतून पांढरा चट्टा होता. येत्या सोमवारी साडेसातच्या गाडीने त्यांना घेऊन जायचे आहे. न्याहारी करून या, असे अक्काने सगळ्यांना बजावले. तिचे बोलणे नव्या माणसाला कळत नाही, म्हणून तिने हाताने घास करून दाखवला.