होडीचा जमाखर्च

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून जमा आणि नावे या दोन रकान्यांतच आयुष्य गेले. यंत्रातले मला काही कळत नाही. घरातला बल्ब सोडला तर मी आजवर काही काढून बसवलेले नाही. असा माणूस रिमोटवर चालणाऱ्या होडीविषयी लिहायला बसला म्हणजे आपण हसाल. हसा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण या होडीने मला माझ्या हातून झालेली एक चूक दाखवली, आणि ती चूक आपल्यापैकी पुष्कळ घरांत होत असावी असे मला वाटते.

आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. हिशेब माझ्याकडे, म्हणून कपाटाच्या किल्ल्याही माझ्याकडे. २०२२ साली एका सद्गृहस्थांनी अभ्यासिकेला रोबो-गाडीचे दोन संच भेट दिले. मी ते साठा नोंदवहीत लिहिले : 'रोबो खेळणी संच, नग २, सुस्थितीत.' मग कपाटात ठेवून कुलूप लावले. मुले मागायची. मी म्हणायचो, "हरवाल, मोडाल. मोठे झालात की बघू." दरवर्षी मार्चअखेर मोजणी व्हायची आणि तीच नोंद मी पुन्हा लिहायचो.

मे २०२५ मध्ये कपाट आवरायला काढले. माझी मुलगी आठवीची परीक्षा देऊन मोकळी होती, ती मदतीला आली. तिने एक खोका उघडला. आत ठेवलेले पेन्सिल सेल फुटून त्यांचा पांढरा क्षार पत्र्याच्या पट्ट्यांवर चढला होता. नोंदवही तिथेच उघडी होती. ती म्हणाली, "पप्पा, याला सुस्थितीत म्हणतात?"

मला उत्तर देता आले नाही. मी दोन्ही खोके तिच्या हवाली केले.

संचात दोन पिवळ्या मोटारी, दोन चाके, 'आर्डुइनो' नावाची निळी पाटी, मोटारींना वीज पुरवणारा 'ड्रायव्हर' आणि मोबाइलशी बोलणारा ब्लूटूथचा तुकडा होता. ही पाटी २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्हरिया गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाली, आणि तिचा आराखडा करणाऱ्यांनी तो सर्वांना खुला ठेवला. त्यामुळे तशाच पाट्या इतरांनाही बनवता येतात आणि आपल्याला परवडतील अशा भावात मिळतात.

मुलगी म्हणाली, "गाडी सगळेच करतात. मी होडी करणार." मी म्हटले, "होडीचे रिमोट म्हणजे फार पुढची गोष्ट." दुसऱ्या दिवशी तिने मला वाचून दाखवले की निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ सालीच न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक लहान होडी तारेवाचून, लांबून चालवून दाखवली होती, आणि ८ नोव्हेंबर १८९८ रोजी त्याला तिचे पेटंट मिळाले. तेव्हा रेडिओवर गाणी लागायलाही पुष्कळ वर्षे बाकी होती. मी गप्प बसलो.

आता होडी कशी केली ते सांगतो, म्हणजे कुणाला करायची असेल तर उपयोग होईल.

होडीला मागे पंखा लावायचा तर त्याचा दांडा पाण्याखालून आत न्यावा लागतो, आणि त्या भोकातून पाणी शिरते. शिवाय पंख्याला वेगाने फिरणारी मोटार लागते. संचातली मोटार आतल्या दातेरी चाकांमुळे हळू फिरते. आतला दांडा ४८ वेळा फिरतो तेव्हा बाहेरचा एकदा. म्हणून मुलीने जुन्या आगबोटींसारखी दोन्ही बाजूंना वल्ह्यांची चाके करायचे ठरवले. संचातल्याच चाकांना तिने तेलाच्या रिकाम्या कॅनमधून कापलेल्या पट्ट्या बसवल्या. मोटारी वर कोरड्या राहिल्या. वळायचे असेल तेव्हा एका बाजूची मोटार थांबवायची, की होडी त्या बाजूला वळते. सुकाणूची गरजच उरली नाही.

बूड म्हणून टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घेतला : ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, ३ जाड. सगळे सामान मुलीने किराणावाल्याच्या काट्यावर ठेवले. प्लायवूडची फळी आणि पाट्या ठेवायचा जेवणाचा डबा धरून एकूण वजन ६०० ग्रॅम भरले. मग ती मला म्हणाली, "पप्पा, सांगा, होडी पाण्यात किती बुडेल?"

मी म्हटले, "ते पाण्यात टाकल्यावर कळेल."

"आधी कळतं," ती म्हणाली. "होडी आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते. एक घनसेंटिमीटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. आपल्या होडीचा तळ तीस गुणिले वीस, म्हणजे सहाशे चौरस सेंटिमीटर. सहाशे ग्रॅम पाणी सारायला ती एक सेंटिमीटर बुडाली की पुरे."

तिने बाजूला पेनाने रेघा मारल्या आणि होडी टबात सोडली. पाणी पहिल्या रेघेला येऊन थांबले. इतकी वर्षे मी ताळेबंद जुळवले, पण इतका चोख ताळेबंद पाहिला नव्हता. आर्किमिडीजचा सिद्धांत मी शाळेत पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता, गुणही मिळवले होते. तो खरा असतो हे चाळिशी उलटल्यावर कळले.

पण सगळेच असे सरळ झाले नाही. फळी चिकटवायला मी पंक्चरचे सोल्युशन आणून दिले. त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळला आणि बुडाला खड्डा पडला. सुताराचा पांढरा गोंद थर्माकोलला खात नाही, पण पाण्यात सुटतो. शेवटी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी फळी आवळून बांधली. पुढे सेलची पेटी डब्यावर ठेवली तेव्हा होडी टबात एका बाजूला कलंडून उलटली आणि ड्रायव्हर भिजून निकामी झाला.

तेव्हा मात्र माझा धीर सुटला. "पुरे आता," मी म्हणालो. "सुटी वाया चालली. नववीचं गणित काढ." सामान गोळा करून मी खोक्यात भरले आणि कपाटाला कुलूप लावले. मुलगी काही बोलली नाही. तिची आई मात्र म्हणाली, "कुलूप लावलंत, आता नोंदसुद्धा लिहा."

रात्री माझे वडील माझ्याजवळ येऊन बसले. ते गिरणी कामगार. जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरणी गेली ती गेलीच. मग त्यांनी घरोघरचे स्टोव्ह दुरुस्त करून आम्हाला वाढवले. टाकीला डाग देणे, वायसर बदलणे, नळी साफ करणे यांत त्यांचा हात धरणारा चाळीत कोणी नव्हता. मी पाच-सहा वर्षांचा असताना एकदा त्यांची पकड उचलली, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर चापट मारली होती. म्हणाले होते, "हात काळे करायचे नाहीत. तुला लेखणी धरायचीय." ती चापट मी विसरलो नव्हतो. तीच शिकवण समजून मी पुढे चाललो होतो. मुलगी दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करीन म्हणत होती, आणि मी तिच्यासाठी कॉमर्स आणि बँकेची परीक्षा ठरवून बसलो होतो. टेबलखुर्चीवरून पुन्हा हत्याराकडे जाणे मला मागे जाणे वाटत होते.

मी म्हटले, "आबा, तुम्हीच तर मला हत्याराला हात लावू दिला नाही."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात काळे होण्याला मी भीत नव्हतो रे. राबून राबून पोट भरत नव्हतं, आणि एक दिवस दुसऱ्याच्या मर्जीनं कामही गेलं, त्याला भीत होतो. त्यात पकडीचा काय दोष? मला हिशेब येत नव्हता, तुला हत्यार येत नाही. तिला दोन्ही येतंय तर तू आडवा का येतोस?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी कपाट उघडले.

आबांनी उलटलेली होडी पाहिली आणि लगेच सांगितले, "उतरंडीत जड मडकं खाली असतं. ओझं वर चढवलंस तर कोसळणारच." मुलीने सेलची पेटी खाली, थर्माकोलमध्ये खाच करून बसवली. होडी पुन्हा कलंडली नाही. तारा सारख्या सुटत होत्या, त्यांना डाग द्यायचे होते. आबांचे हात आता थरथरतात. म्हणून डागणी मुलीच्या हातात आणि सूचना आबांच्या. "आधी तार तापव, मग कथील लाव. कथील आपणहून पसरलं पाहिजे. गोळा झाला तर डाग कच्चा समज." नात आणि आजोबा एका तारेवर डोके टेकवून बसलेले पाहून मला काय वाटले ते मी लिहिणार नाही. आपण समजून घ्याल.

नवा ड्रायव्हर आणायला मी आणि मुलगी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या दुकानदाराने एक गोष्ट समजावली. हा ड्रायव्हर स्वतःच साधारण दोन व्होल्ट खातो. चार पेन्सिल सेलांचे सहा व्होल्ट दिले तर मोटारीला चारच मिळतात, म्हणून ती मरगळून फिरते. आम्ही लिथियमचे दोन सेल घेतले. त्यांचे मिळून ७.४ व्होल्ट होतात. हे सेल जपून वापरावे लागतात. दोन टोके चुकून एकमेकांना लागली तर आग लागू शकते. पेटी आणि योग्य चार्जर घेतल्याशिवाय ते मुलांच्या हाती देऊ नयेत.

जूनच्या पहिल्या रविवारी अभ्यासिकेची मुले घेऊन आम्ही जवळच्या तलावावर गेलो. मुलीने मोबाइलवर बोट ठेवले, चाके पाणी कापू लागली, होडी निघाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आबा काठावर उभे होते. होडी पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि मग वळेचना. मुलगी बटणे दाबत होती, होडी आपली सरळ चालली होती. ब्लूटूथ साधारण दहा मीटरपर्यंतच पोहोचते, आणि होडी त्यापलीकडे गेली होती. तिला मिळालेला शेवटचा हुकूम 'पुढे जा' हा होता. तो रद्द झाल्याचे तिला कोणी कळवलेच नव्हते. कारकुनाला हे लगेच समजते. वरून नवा आदेश येईपर्यंत जुना लागू!

होडी जलपर्णीत जाऊन अडकली. ट्यूबवर बसून मासे धरणाऱ्या एका भल्या माणसाने ती आणून दिली. मला वाटले, मुलगी आता रडेल. तिने काठावर बसून वहीत लिहिले : 'एक सेकंद हुकूम आला नाही तर दोन्ही मोटारी बंद.' तसा बदल तिने प्रोग्रॅममध्ये केला. बटण दाबून ठेवले असेल तोवर मोबाइल सारखा हुकूम पाठवत राहील, आणि हुकूम थांबला की होडी थांबेल. पुढच्या रविवारी होडी थोडी लांब गेली, जागच्या जागी थांबली, आणि आम्ही काठाने तिच्या बाजूला चालत गेल्यावर पुन्हा हुकूम ऐकून परत आली.

आता खर्च सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सेल, पेटी आणि चार्जर ४२० रुपये. डागणी आणि कथील २५०. ड्रायव्हर १५०. पट्ट्या व किरकोळ ६०. एकूण ८८० रुपये. थर्माकोल, तेलाचा कॅन, डबा आणि आबांचे ज्ञान घरचे. संच तर तीन वर्षे कपाटात होताच.

सांगायचा मुद्दा हा की, आपल्या वाडवडिलांनी हाताने अपार कष्ट केले. त्या कष्टांना मान मिळाला नाही, पुरते दामही मिळाले नाहीत. म्हणून त्यांनी आपल्याला हत्यारापासून दूर ठेवले. त्यांची माया खोटी नव्हती. पण ज्ञानाची जोड असलेला हात वेगळा असतो. तारेला डाग देणारी आणि तो डाग का धरतो हे जाणणारी मुलगी कुणाची हुकमी मजूर होणार नाही. तिला कुलपात ठेवून आपण कशापासून वाचवतो? सेल कपाटातच फुटतात. मुलांचे कुतूहलही तसेच आहे.

मुलगी आता नववीत आहे. डिप्लोमाचा निर्णय दहावीनंतर तिनेच घ्यायचा, एवढे आमच्या घरात ठरले आहे. अभ्यासिकेच्या कपाटाची एक किल्ली मुलांकडे असते. दर आठवड्याला ती नव्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती जाते. शनिवारी संध्याकाळी अकरा मुले जमतात, त्यांत पाच मुली. आबा खुर्चीवर बसून कच्चे डाग ओळखतात.

आणि साठा नोंदवहीत मी नवी नोंद लिहिली आहे : 'रोबो खेळणी संच, नग २. एका मोटारीचे दाते तुटले. एक ड्रायव्हर भिजून निकामी. वापरात.' इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या समाधानाने लिहिलेली नुकसानीची नोंद दुसरी नाही.