मूठभर कापूस

अब्बा पिंजारी. गावात कुणाची मय्यत झाली की लागणारा कापूस आमच्या घरून जायचा. त्याचे पैसे अब्बांनी कधी घेतले नाहीत. १९९८ च्या पावसाळ्यात अब्बाच गेले, तेव्हा घरात कापसाचे एक पोते होते आणि डब्यात साठ रुपये. आम्ही तिघे भावंडे शाळेत जाणारी.

जमातीचे सदर दारात येऊन हळूच म्हणाले, "कफन-दफनाचं जमात बघेल, भाभी." अम्मा ऐकेना. ज्याने जन्मभर फुकट कापूस दिला, त्याला चंद्याचे कफन? मौलवीसाहेबांनी तिला समजावले. उहुदच्या लढाईत (इ.स. ६२५) शहीद झालेले मुसअब बिन उमैर मक्क्यातल्या श्रीमंत घरचे, पण कफनाला एकच चादर. डोके झाकले की पाय उघडे पडत. शेवटी प्रेषितांच्या (स.) सांगण्यावरून पायांवर गवत घातले. मग त्यांनी शरीयत सांगितली. माणसाने मागे ठेवले त्यातून आधी कफन-दफन, मग कर्ज, मग वसीयत आणि वारसा. काहीच नसेल तर ज्यांनी त्याला पोसायचे ते, तेही नसतील तर सगळी जमात जबाबदार. त्यात उपकार कसला?

अम्माने पोते शेजारच्या गुरुजींना विकले. तोंड शिवण्याआधी मूठभर कापूस मात्र काढून घेतला. त्या पैशांत तीन कपडे, अत्तर, कापूर आले. जनाजा मशिदीचा, कबर मोहल्ल्यातल्या पोरांनी भर पावसात खोदली, फळ्यांचे पैसे जमातीने दिले. असरनंतर अब्बा मातीआड झाले. एका पैशाचे कर्ज झाले नाही.

कर्ज झाले ते चाळीसाव्याला. अम्मा इद्दतीत, आम्ही लहान; ठरवणारे दुसरेच होते. "लोक काय म्हणतील?" फुफी म्हणाली. दीडशे माणूस जेवून गेले. पैसे सावकाराचे, महिना शेकडा पाच. व्याज हराम, हे त्या दिवशी कुणाच्याच तोंडून निघाले नाही. जाफर बिन अबी तालिब शहीद झाले (इ.स. ६२९), तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करायला इतरांना सांगितले होते. आमच्याकडे दुःखातल्या घरानेच गावाला जेवू घातले! ते फेडताना धाकटीची शाळा सातवीत सुटली. ती आता शिवणकाम करते. या विषयावर बोलत नाही.

अम्माच्या ट्रंकेत पाच कपडे घडी घालून ठेवलेत, तिच्या स्वतःच्या पैशांचे. दर उन्हाळ्यात आम्ही त्यांना ऊन दाखवतो. आपला चाळीसावा करायचा नाही, असे तिने जमातीसमोर सांगून ठेवले आहे. फुफी त्यावरून अजून रुसून आहे.