खालचा रस्ता

ट्रामच्या बाकाची पाठ उलटी करता यायची. लाकडी पट्ट्यांचं बाक, पाठीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या आणि वरच्या कोपऱ्यात हात लागून लागून पिवळी लखलखीत झालेली मूठ. दादर टी.टी.ला, म्हणजे ट्राम टर्मिनसला, गाडी थांबली की ड्रायव्हर आपलं हँडल काढून बगलेत मारायचा आणि चालत दुसऱ्या टोकाला जायचा. कंडक्टर खाली उतरून तारेला टेकलेला लांबलचक दांडा दोरीने ओढायचा, गरकन फिरवायचा आणि पुन्हा तारेला भिडवायचा. तेवढ्यात आम्ही पोरं बाकांमधून धावत एकेक पाठ पलीकडे लोटत जायचो. खटाक, खटाक, खटाक. शेवटच्या बाकाशी पोचेपर्यंत गाडीचं तोंड फिरलेलं असायचं आणि गाडी मात्र जागची हललेली नसायची. कंडक्टर ओरडायचा नाही. ते काम त्याचं होतं आणि आम्ही ते फुकटात करत होतो.

आमची चाळ लालबागला, अगदी हमरस्त्यावर. या रस्त्याला आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात. दादरहून निघालेली ट्राम हिंदमाता, परळ करत आमच्या दारावरून जायची, पुढे चिंचपोकळी, राणीचा बाग, भायखळ्याचा पूल, जे.जे., भेंडीबाजार, पायधुणी, क्रॉफर्ड मार्केट आणि बोरीबंदर. ड्रायव्हर उभ्यानेच गाडी हाकायचा आणि पायाने घंटा बडवायचा. ती घंटा आमच्या कानांना इतकी सवयीची होती की रात्री ती वाजायची थांबली की चाळीतल्या म्हाताऱ्यांना जाग यायची.

आजो, म्हणजे माझे आजोबा, गिरणीतून सुटले होते. हिशेब घेऊन घरी बसले होते; पण घरात बसणारा माणूस नव्हे तो. दुपारी चहा झाला की टोपी घालायचा आणि मला हाक मारायचा. ट्रामनेच जायचं हे ठरलेलं. बसला ते हातच दाखवायचे नाहीत. बसपेक्षा ट्राम स्वस्त, हे कारण होतंच. पण मी विचारलं तेव्हा त्यांनी दुसरंच सांगितलं. ‘‘बस लय धावता रे. काय एक दिसणा नाय.’’

आजोंचं हे म्हणणं त्या वयात मला कळायचं कारण नव्हतं, पण त्याचा फायदा मला भरपूर झाला. मी गुजराती अक्षरं ट्राममध्ये शिकलो. बसमधून दुकानाची पाटी वाचायला घ्यावी तर पहिला शब्द संपेतो दुकान मागे पडलेलं. ट्राममधून अख्खी पाटी वाचून व्हायची, मालकाचं नाव, त्याच्या मुलांचं ‘अँड सन्स’, खाली बारीक अक्षरात काय काय मिळेल ते, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस डोळे मिटून बसलाय की नोटा मोजतोय तेही. आपल्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ पुसून टाकली की निम्मी गुजराती येते, हा शोध मला पायधुणीला लागला. उर्दू पाट्यांपुढे मात्र माझं आणि आजोंचं दोघांचं अडायचं. तिथे आजो दुकानात टांगलेला माल बघून पाटी वाचून दाखवत. तांब्याची भांडी लटकत असली की, ‘‘हेच्यार तांबो-पितळ लिवलेला आसा.’’ बरोबरच असणार.

डबल डेकर ट्राम मिळाली तर मी वर चढण्यासाठी हट्ट करायचो. १९२० पासून मुंबईत दुमजली ट्रामा होत्या. वर पुढचं बाक मिळालं की पहिल्या मजल्यावरची घरं थेट नजरेच्या रेषेत यायची. जे.जे.च्या पुढे रस्ता इमारतींमध्ये दाटून जायचा, गाडी अडखळत चालायची, आणि गॅलरीतली माणसं हाताच्या अंतरावर असल्यासारखी वाटायची. एकदा पुढे एक हातगाडी रुळात आडवी अडकली म्हणून ट्राम खोळंबली होती. समोरच्या खिडकीत एक गृहस्थ आरसा गजाला अडकवून दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. आम्ही त्यांच्याकडे बघतोय हे त्यांनी आरशातून पाहिलं, वळून आमच्याकडे बघितलं, आणि वस्तरा तसाच धरून आजोंना विचारलं, काय झालं पुढे? आजोंनी हातगाडीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुसरा गाल घोटायला घेतला. हा प्रसंग काही सांगण्यासारखा नाही खरं तर. पण वाहनात बसलेल्या माणसाने घरात बसलेल्या माणसाशी सहज बोलावं, असं मला त्यानंतर कुठल्या गाडीत घडलेलं आठवत नाही.

बाबांचं मत वेगळं होतं. ते फोर्टात एका पेढीवर कारकून होते आणि तिथलं मस्टर दहाच्या ठोक्याला आत जायचं. ट्रामचा एक दोष असा की पुढची बिघडली की मागच्या सगळ्या रांगेने उभ्या. रूळ सोडून बाजूने काढता येत नाही. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं (ते तेव्हाही भरायचं, आताही भरतं, त्या बाबतीत मुंबईने परंपरा सोडलेली नाही) की ट्रामांची माळ लागायची आणि बाबा चपला हातात, धोतर गुडघ्याच्या वर, अशा थाटात लालबागपासून पायी निघायचे. लेटमार्क व्हायचाच. ‘‘रिकामटेकड्यांची गाडी,’’ ते म्हणायचे. आजो समोर बसलेले असले तरी म्हणायचे. आजो गप्प बसायचे, कारण एवढं आयुष्य भोंग्यावर काढल्यावर रिकामटेकडं व्हायला मिळालं याचा त्यांना अभिमानच असावा.

ट्रामच्या आठवणी काढणारी आम्ही माणसं त्या काळी एकतर पोरं होतो, नाहीतर म्हातारे होते ते आता नाहीत. मधल्या वयाच्या, मस्टरला बांधलेल्या माणसांना विचारलं असतं तर ट्राम दहा वर्षं आधीच गेली असती. मुंबईची ट्राम गेली ती कुणी कट करून घालवली नाही. मोटारी वाढल्या, बस वाढल्या, रस्त्याच्या मधोमध रुळांवरून सावकाश जाणारी गाडी सगळ्यांना आडवी येऊ लागली. १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला. १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस आणली होती. चाकांना रूळ नाहीत पण डोक्यावर तार आहेच, असं ते मधलंच प्रकरण. ती १९७१ मध्ये गेली आणि तिच्यासाठी कुणी टिपूस गाळल्याचं ऐकिवात नाही.

मला व्यक्तिशः जो तोटा झाला तो झाकणांचा. सोड्याच्या बाटलीची पत्र्याची झाकणं आम्ही रुळांवर ठेवायचो. ट्राम गेली की झाकणाचे कंगोरे उलगडून पातळ, कडक, धारदार चकती मिळायची. खिळ्याने तिला दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा, दोन्ही हातांनी पीळ देऊन ताणायचं: घूंऽऽ करत भिंगरी फिरायची. तिच्या कडेने कागद कापायचा, पेरूची फोड कापायची, एकमेकांच्या भिंगरीचा दोरा कापायचा. बोटंही कापायची. बसच्या रबरी चाकाखाली झाकण नुसतं चेपतं, दबून वाकडं होतं. त्याची भिंगरी होत नाही. चाळीतल्या पोरांची ट्रामविषयीची हळहळ ही मुख्यतः एवढीच होती.

घोड्यांची ट्राम आजोंनीही पाहिली नव्हती. ते गावाहून आले तेव्हा विजेची सुरू झालेली होती. ती आली १९०७ च्या मे महिन्यात. पण त्यांना ज्यांनी गिरणीत लावून घेतलं त्या मामांनी घोडे पाहिले होते आणि त्यांच्याकडून ऐकलेलं आजो स्वतः पाहिल्यासारखं सांगत. ९ मे १८७४ ला मुंबईत पहिली ट्राम धावली, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर. सुरुवातीला तिकीटच नव्हतं. कुलाबा ते पायधुणी तीन आणे हातात ठेवायचे आणि बसायचं. कंपनीच्या पागेत सुमारे नऊशे घोडे होते. तीन आणे म्हणजे मजुराच्या आवाक्याबाहेरच. हळूहळू भाडं उतरलं, घोडे गेले, वीज आली, आणि मग गिरणीतला माणूस रविवारी बायकापोरांना घेऊन राणीच्या बागेत जाऊ लागला. आजो हे सांगताना ‘‘आमची ट्राम’’ म्हणत. गिरणीला ते कधी ‘‘आमची’’ म्हणाले नाहीत.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला निघाली. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. आमची चाळ सगळी खाली उतरली होती, जेवणं आटोपून, तान्ही मुलं काखेत घेऊन. गाडी आली ती माणसांनी इतकी लदलेली की ट्राम दिसतच नव्हती; पायऱ्यांवर, दांड्यांना धरून माणसंच माणसं. बाबाही आले होते. बनियनवर सदरा चढवून आले होते, ही मी त्यांनी ट्रामला दिलेली सलामी समजतो. आजो तेव्हा अंथरुणाला खिळलेले. वर गेल्यावर त्यांनी विचारलं, गर्दी होती काय? मी म्हटलं, उभं राहायला जागा नव्हती. ‘‘मग आदी खय होती ही सगळी?’’ असं म्हणून ते भिंतीकडे वळले.

रूळ काही दिवस रस्त्यात तसेच होते. पावसात त्यांच्या खाचेत सायकलचं चाक गेलं की माणूस हमखास आडवा. मग त्यांच्यावर डांबर पडलं. अलीकडे हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीच्या वेळी खोदकामात जुने रूळ वर आले तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. माझ्या नातीने तो फोटो मला फोनवर दाखवला. रुळांना मधोमध ती खाच होती, तीच, झाकण नीट बसावं म्हणून आम्ही बोटाने चाचपायचो ती.

आता ट्रामच्या त्या वाटेवर दोन मोठे पूल आहेत. जे.जे.चा २००२ मध्ये झाला, लालबागचा २०११ मध्ये. पुलावरून गाडी सुसाट जाते. डबल डेकर ट्रामच्या वरच्या बाकावरून जी उंची मिळायची त्याच्याही वर हा रस्ता, पण कठड्यापलीकडे दिसतात त्या बंद काचा, एसीच्या पेट्या, वाळत घातलेल्या चादरी. दाढी करणारं कुणी नाही, आणि असलं तरी त्याच्या अर्ध्या गालाला साबण आहे की नाही हे कळायच्या आत पूल संपतो. मुलगा गाडीने नेतो तेव्हा अर्थातच वरून नेतो. त्याला मस्टर नाही पण मीटिंग आहे. बाबांचा नातू शोभतो.

मी एकटा असलो की पुलाखालून जाणारी बस धरतो. चिवडा गल्लीच्या तोंडाशी तळणीचा वास येतो, मसाल्याच्या दुकानांपुढे मिरची नाकात जाते, पाट्या सगळ्या वाचून होतात. नवीन दुकानांची नावं इंग्रजीत आणि फार लांब नसतात, त्यामुळे वाचून वेळ उरतो. तो सिग्नलला जातो. संध्याकाळी पुलाच्या खांबांना खेटून उभ्या केलेल्या मोटारी, हातगाड्या, उलट्या दिशेने येणारे स्कूटरवाले, यातून बस जे.जे.पर्यंत जाते तेव्हा मी घड्याळ बघत नाही, पण आजूबाजूचे बघतात आणि चुकचुकतात. ट्राम रस्ता अडवते म्हणून काढली होती. या वेगाने कंपनीच्या पागेतलं एखादं लंगडं घोडंसुद्धा आम्हाला मागे टाकून पायधुणीला आधी पोचलं असतं, आणि तीन आण्यांत.